आपल्या नळाचं पाणी

४ जानेवारी

टिल्लू,

सहा फूट उंचीच्या, टक्कल पडलेल्या माणसाला टिल्लू म्हणू नये, असं तुझ्या बायकोने मागे फोनवर हसत हसत सुचवलं होतं. तिला सांग, मी त्याला पाळण्यात पाहिलेलं आहे. दुसरं नाव माझ्या तोंडात येत नाही.

तिकिटं काढलीस ते कळलं. सहा वर्षांनी येतोयस आणि राहणार दोन आठवडे. या महिन्याच्या ३१ तारखेला माझा नोकरीतला शेवटचा दिवस आहे हे मी पावसाळ्यातच कळवलं होतं. तू परतीचं तिकीट २९चं काढलंस. असो. स्वस्त मिळालं असेल. मी काही गळ्यात हार घालून घ्यायला बसलेली नाही.

पण एकदा केंद्र बघ, एवढी माझी इच्छा आहे. तुझी बहीण चौतीस वर्षं या गावाचं पाणी तपासते आहे आणि तू जलशुद्धीकरण केंद्राच्या फाटकाच्या आत कधी पाऊल टाकलेलं नाहीस. एका टोकाने नदीचं पाणी चहासारखं आत येतं आणि दुसऱ्या टोकाने काचेसारखं बाहेर पडतं. मधे काय होतं ते तुझ्या लेकीला दाखवायचंय. नऊ हे वय त्याला चांगलं. पुढे मुलांना आपल्याला सगळं कळतं असं वाटायला लागतं. आईवडिलांना तर लग्न झाल्यापासूनच वाटत असतं.

वरची खोली तुमची. गाद्यांना ऊन दाखवलं आहे. आईला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, पण ती कबूल करत नाही, तेव्हा तिच्या उजव्या बाजूला बस आणि ओरडू नकोस. माझा गुडघा ठीक आहे. पंक्चर तुला सांगेल की ठीक नाही. तो अजून दर रविवारी येतो, आईला पेपर वाचून दाखवतो आणि मला सल्ले देतो. तुझा शाळेतला मित्र असला म्हणून त्याला गुडघ्यातलं काय कळतं? टायर विकतो तो.

येताना काही आणू नकोस. घरात सगळं आहे.

ताई


१९ जानेवारी

टिल्लू,

हे पत्र पंक्चरच्या हाती तुझ्या हॉटेलवर पाठवते आहे. एकाच गावात राहून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू आवाज चढवतोस, मी फोन ठेवून देते, आणि मग आई दोघांना समजावत बसते. कागदावर कुणाला मधे बोलता येत नाही.

लेकीचा ताप उतरला, पोटात अन्न ठरतंय, हे मला डॉक्टरांकडून कळलं. ते तू कळवायला हवं होतंस.

आता मुद्द्याचं. तुम्ही आलात तेव्हा टॅक्सीच्या डिकीतून आधी बॅगा निघाल्या नाहीत. पाण्याच्या बाटल्यांचे खोके निघाले. शेजारचे पोस्टमास्तर कुंपणावरून बघत होते. "बाईंच्या घरी पाणी विकत?" त्यांनी मला विचारलं. मला! मी काही बोलले नाही. तू ते खोके ओट्याखाली रचलेस, नळाच्या बरोबर खाली. तरी बोलले नाही. तुझ्या बायकोने बाटलीतल्या पाण्याने दात घासले, तरी नाही. एवढं गप्प मी आयुष्यात कधी बसले नव्हते. आईला वाटलं मला बरं नाही.

संध्याकाळी तुझ्या लेकीने विचारलं, "आत्या, बाबा म्हणतो इथलं पाणी प्यायचं नाही. मग तुम्ही काय पिता?"

"आम्ही हेच पितो."

"मग तुम्ही मरत नाही?"

"अजून तरी नाही."

ती हसली, ओट्याशी गेली, पेला नळाखाली धरला आणि गटागटा प्यायली. मी अडवलं नाही, हे लपवत नाही. मला बरं वाटलं, तेही लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी तिला उलट्या आणि ताप. तू स्वयंपाकघरात उभा राहून आईसमोर मला म्हणालास, "हेच का तुझं पाणी? याचाच तोरा मिरवलास ना आयुष्यभर? अख्ख्या गावाला हेच पाजतेस?" मी म्हणाले, "माझ्या पाण्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही." पलीकडच्या खोलीत पोर तापाने फणफणलेलं आणि मी पाण्याची बाजू घेतली, हे तुझ्या बायकोला लागलं असणार. तरी ती बिचारी "अहो, ताईंना काय बोलताय" म्हणून तुलाच आवरत होती. तासाभरात तुम्ही बॅगा उचलल्या आणि हॉटेलवर गेलात.

तू घाबरला होतास, ते मला दिसत होतं. नऊ वर्षांचा असताना तुला टायफॉइड झाला, तो उन्हाळा तू विसरला नसशील. खरं म्हणजे तुला कमीच आठवत असेल, कारण तू शुद्धीवर नव्हतास. मी होते. त्याविषयी मी काही लिहिणार नाही.

पण तू शंका घेतलीस, तर तिचा निकाल लागायला हवा. काल सकाळी मी नमुने घेतले. एक केंद्रावरून, एक गल्लीच्या तोंडाशी असलेल्या नळाचा, एक आपल्या दाराबाहेर मीटरपाशी आणि एक ओट्यावरच्या नळाचा. नळाचं तोंड स्पिरिटच्या बोळ्याने जाळून, निर्जंतुक बाटलीत, परक्याच्या घरी घेते तसे. जंतू असले तर ते वाढून दिसायला वेळ लागतो, त्यांना घाई करता येत नाही. उद्या कळेल.

काय येणार ते मला ठाऊक आहे. मग तू घरी यायचंस, ओट्याशी उभं राहायचंस आणि माझ्यासमोर आपल्या नळाचं पाणी पेलाभर प्यायचंस. माफीबिफी नको. एवढंच मागते.

ताई


२० जानेवारी

टिल्लू,

निकाल आला. केंद्र, शुद्ध. गल्ली, शुद्ध. मीटरपाशी, शुद्ध, क्लोरीनही हवं तेवढं. ओट्यावरचा नळ, पिण्यास अयोग्य.

पुन्हा वाचलंस ना? मीही वाचलं. माझ्या हाताखालची केमिस्ट, जी पुढच्या महिन्यात माझ्या खुर्चीवर बसणार आहे, मला म्हणाली, "मॅडम, बाटल्यांची अदलाबदल झाली असेल." माझ्या प्रयोगशाळेत बाटल्यांची अदलाबदल होत नाही. मी तिला तसं सांगितलं आणि पर्स उचलून घरी आले.

मीटर आणि ओटा यांच्या मधे एकच गोष्ट येते, गच्चीवरची टाकी. पंक्चरला शिडीवर चढवलं. तो वरून ओरडला, "ताई, झाकण आहे! पण अर्धंच आहे!" उरलेलं अर्धं तडकून आत पडलं होतं. आत कबुतराची पिसं होती. आणखी काय होतं ते त्याने मला सांगितलं, मी तुला सांगत नाही. तुझी लेक हे पत्र वाचायला मागेल.

टाकी वर्षातून दोनदा घासून धुवावी, झाकण तपासावं, असं एक पत्रक दरवर्षी गावात घरोघर जातं. ते पत्रक मी लिहिलेलं आहे. आपली टाकी शेवटची कधी धुतली, असं तू विचारणार. गुडघा बिघडण्याआधी. मला शिडी चढवत नाही. पंक्चर म्हणाला होता, "ताई, मी एकदा वर बघून येतो." मी त्याला म्हणाले, तू तुझी टायरं बघ, माझ्या घरचं पाणी मी बघते.

डॉक्टर म्हणतात, प्रवासाने, बाहेरच्या खाण्यानेही असं होतं, आणि आई नि मी तेच पाणी पिऊन ठणठणीत आहोत. असेल. मला ती सूट नको. नमुन्यात आलं ते आलं.

तेव्हा आपल्या नळाच्या बाबतीत तू बरोबर होतास. गावाच्या पाण्याच्या बाबतीत तू चूक होतास आणि तो शब्द तुला मागे घ्यावा लागेल. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एकीत दुसरी मिसळू नकोस.

ज्या घरातलं पाणी अयोग्य ठरतं त्या घराच्या दारावर आमच्या कार्यालयाची पिवळी नोटीस लागते. टाकी धुऊन नवा नमुना शुद्ध येईपर्यंत ती काढता येत नाही. संध्याकाळी माझी केमिस्ट ती नोटीस आणि डिंकाची बाटली घेऊन आली आणि दारात नुसती उभी राहिली.

"मॅडम, महिनाअखेरीला तुम्ही निवृत्त होताय. कुणाला कळणार आहे?"

"तुला कळलंय ना? लाव."

"निदान आतल्या बाजूने लावू?"

"घरातल्यांना सांगायला मी आहे. ही येणाऱ्याजाणाऱ्यासाठी असते. लाव, आणि कोपरे नीट दाब. तू नेहमी कोपरे सोडतेस."

तिने लावली. डोळे पुसत लावली, पण सरळ लावली. ती जायच्या आत पोस्टमास्तर हजर. "काय हे! पाणीवाल्या बाईंच्याच दारावर?"

"हो," मी म्हटलं. "चष्मा आणलाय ना? मग मोठ्याने वाचा. आईलाही ऐकू जाईल."

कालच्या पत्रात तुझ्याकडे जे मागितलं होतं ते परत घेते. पाणी प्यायला येऊ नकोस. या घरात ते सध्या कुणालाही मिळणार नाही.

ताई


२४ जानेवारी

टिल्लू,

आई काल कान दाखवायला जाते म्हणून पंक्चरबरोबर घराबाहेर पडली आणि थेट तुझ्या हॉटेलवर पोचली, हे मला रात्री जेवताना कळलं. तिने तुला काय काय सांगितलं तेही कळलं.

तेव्हा ऐक. मला त्या वर्षी दुसऱ्या शहरात संशोधनाची जागा मिळाली होती, हे खरं. मी ती घेतली नाही आणि पाणीपुरवठा खात्यात अर्ज केला, हेही खरं. ते तुझ्या टायफॉइडमुळे केलं, हा आईचा शोध. मला संशोधनात तसाही रस नव्हता. दिवसभर बंद खोलीत बसायचं, आणि पगार नावापुरता. उगाच मनावर ओझं घेऊ नकोस. त्या उन्हाळ्यात दवाखान्याचे जिने मी तुला उचलून चढले आहे. तुझं ओझं फार नव्हतं. काही राहिलंच नव्हतं तुझ्यात.

दुसरी गोष्ट. परवा पंक्चरच्या दुकानात तुम्ही सगळे जुने मित्र जमला होतात. तुमच्यातला तो विम्याचा एजंट झालेला म्हणाला म्हणे, "काय रे, तुझ्या बहिणीच्या दारावर तिच्याच ऑफिसची नोटीस? पाण्याची राणी बुडाली की काय?" सगळे हसले. आणि तू बसल्या टायरवरून उठलास आणि म्हणालास, "तिनेच लावून घेतलीये. तुझ्यात आहे तेवढा दम? तुझ्या पॉलिसीवर बारीक अक्षरांत काय छापलंय ते एका तरी गिऱ्हाइकाला कधी वाचून दाखवलंयस?"

पंक्चरने हे सगळं मला रंगवून सांगितलं. मी त्याला म्हटलं, मला असल्या गावगप्पा ऐकायला वेळ नाही. मग त्याला चहा करून दिला. तुमचा एक खोका इथेच राहिला होता, त्यातल्या पाण्याचा केला. आणि ती गोष्ट त्याला पहिल्यापासून परत सांगायला लावली.

टाकी धुणारा माणूस आज येतो, उद्या येतो करतोय. तोवर नोटीस राहील. लेकीला म्हणावं, आत्या अजून मेलेली नाही.

ताई


३१ जानेवारी

टिल्लू,

सुखरूप पोचल्याचा निरोप मिळाला. २८ तारखेला जे झालं ते मी तुलाच परत का लिहिते आहे, असं तुला वाटेल. तू सगळा वेळ टाकीच्या आत होतास. बाहेर काय चाललं होतं ते तुला दिसलेलं नाही.

तू बोलावल्याशिवाय आलास. अर्धी चड्डी, हातात नवा कोरा घासायचा ब्रश, मागे बायको आणि लेक. 'आधी बस, बोलायचंय', असं मी म्हणेपर्यंत तू शिडीच्या वरच्या पायरीवर होतास. पंक्चरने शिडी धरली. मी खाली अंगणात खुर्ची टाकून सूचना देत बसले, त्यातली एकही तू ऐकली नाहीस.

तुझा आवाज टाकीत घुमत होता. तू आत गात होतास. आई म्हणाली, "याला कुणीतरी आतच ठेवा." तुझी लेक वरून भरलेली बादली दोरीने खाली सोडत होती आणि दर बादलीमागे एक प्रश्न सोडत होती.

"आत्या, एवढा उंच बाबा आत मावला कसा?"

"दुमडला की मावतो."

"घरी तर तो कधी बाथरूमसुद्धा धूत नाही."

शिडीला टेकून उभी असलेली तुझी बायको इतक्या जोरात हसली की शिडी हलली आणि पंक्चर तिच्यावर ओरडला.

मग पोस्टमास्तर कुंपणाशी आले. मान वर करून बघत राहिले. "परदेशातून आलेला साहेब आणि टाकी धुतोय?" ते मला म्हणाले, पण उत्तर आईने दिलं. जिला ऐकू येत नाही तिने. "माझा मुलगा आहे तो," ती म्हणाली. "आणि दारावर नोटीस लावून घेतली ती माझी मुलगी. तुमची टाकी कधी धुतली होती?" पोस्टमास्तर घरात गेले ते दिवसभर दिसले नाहीत. आई पदर सारखा करत ताठ बसली. तिचा तो चेहरा तू बघायला हवा होतास, म्हणून लिहिलं.

तू बाहेर निघालास तो कोपरापर्यंत हिरवा. पंक्चरने नवं झाकण आणलं होतं, दोन वेळा ठोकून पाहिलं मी. टाकी भरली, क्लोरीन टाकलं, नळ सोडून सगळ्या पाइपांतून पाणी वाहू दिलं, मग पुन्हा ताजं पाणी भरलं. नमुना घेताना बाटली तुझ्या लेकीने धरली. बुचाला आतून बोट लावायचं नाही म्हटल्यावर तिने श्वाससुद्धा रोखून धरला. हिच्यात काहीतरी आहे. तिला गाण्याच्या क्लासला घालू नका.

पुढचं तुझ्यासमोर झालं, पण ते मला माझ्या हाताने लिहून ठेवायचंय. तू अंघोळ करून ओट्याशी आलास, पेला घेतलास आणि नळाखाली धरलास. मी नळ बंद केला.

"ताई, मला प्यायचंय."

"निकाल आलेला नाही."

"टाकी मी धुतलीये. मला माहितीये ती कशी झालीये."

"तुला माहीत असून उपयोग नाही. नमुन्यात दिसलं पाहिजे."

"उद्या माझं विमान आहे!"

"मग तहानलेला जा."

दहा दिवस ज्याची मी वाट पाहत होते ते तू करायला आला होतास आणि मीच तुझ्या हातातून पेला काढून घेतला. मला वाटलं आता पुन्हा भांडण. तू ओट्याला टेकलास आणि हसायला लागलास. डोळे पुसत हसत होतास. "या गावाने चौतीस वर्षं तुला सोसलं कसं गं?"

"गाव जिवंत आहे ना?" मी म्हटलं.

तू हसायचा थांबलास. "आहे," म्हणालास. आणि मग, माझ्याकडे न बघता, "मीही आहे."

गावाच्या पाण्याबद्दलचा तुझा तो शब्द तू मागे घेतलास, असं मी धरून चालले आहे.

निकाल काल आला. शुद्ध. आज नोटीस काढण्याच्या आदेशावर सही करायची होती. माझ्या नोकरीतली शेवटची सही ती व्हावी, असं माझ्या मनात होतं. पेनाचं टोपणही काढलं होतं. केमिस्टने कागद माझ्यासमोरून ओढून घेतला. "मॅडम, घर तुमचं आहे. स्वतःच्या घरावर सही तुम्हाला करता येणार नाही." चौतीस वर्षांत हाताखालच्या कुणी माझ्या पुढ्यातून कागद ओढलेला नाही. मी तिच्याकडे बघितलं. तीही बघत राहिली, मान खाली घातली नाही. मी पेन तिच्याकडे दिलं. गावाच्या पाण्याची मला आता काळजी नाही.

मग भाषणं झाली. साहेबांनी माझा उल्लेख 'मायाळू' असा केला तेव्हा मागच्या रांगेत कुणालातरी ठसका लागला. तुम्हाला केंद्र दाखवायचं राहिलं ते राहिलंच. आता फाटकावर मलाही परवानगी काढावी लागेल. तुझी, लेकीची आणि माझी एकदमच काढू.

घरी आले. नोटीस सोडवून काढली. त्या मुलीने कोपरे इतके दाबले होते की दाराचा रंग चार ठिकाणी निघाला. मग ओट्यावरचा नळ सोडला, पेला भरला आणि पहिला आईला दिला. तिने तो हातात घेतला, उजेडाकडे धरून बघितला, पण तोंडाला लावला नाही.

"टिल्लू तहानलेलाच गेला गं," म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "म्हणजे येईल. पी तू."

ताई